७०/७०० दुर्बिणीला पुढची आयपीस कुठली घेऊ?

नवखा_निरीक्षक
नमस्कार मंडळी, महिन्याभरापूर्वी ७० एमएमची रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) घेतली, फोकल लेंथ ७००. सोबत २५, १० आणि ४ एमएमच्या आयपीस (डोळ्याजवळची भिंगं) आल्या आणि एक ३एक्स बार्लो, म्हणजे पट तिप्पट करणारं जोडभिंग. २५ मधून चंद्र इतका सुंदर दिसतो की हलावंसं वाटत नाही, १० पण ठीक आहे, पण ४ लावली की सगळं धुरकट, गुरू म्हणजे नुसता पिवळट गोळा, फोकस कितीही फिरवा बसतच नाही आणि बार्लो लावला तर काहीच नाही. खोक्यावर तर ५२५ पट लिहिलंय. दुर्बिणीतच दोष आहे का? आयपीस बदलायची तर कुठली, एक किंवा फार तर दोनच घेऊ शकतो. चष्मा आहे, मायनस अडीच आणि थोडा सिलिंडर, तो घालून बघायचं की काढून?

कृत्तिकाप्रेमी
दुर्बीण चांगली आहे हो, काळजी करू नका. ७०० ला आयपीसच्या एमएमने भागा, मग २५ म्हणजे २८ पट, १० म्हणजे ७०, आणि ४ म्हणजे १७५. भिंगाच्या व्यासाच्या साधारण दुप्पट ही वरची हद्द, म्हणजे तुमच्यासाठी १४० आणि तेही हवा शांत असेल त्या रात्री. ५२५ हा आकडा ४ आणि बार्लो एकत्र धरून काढलाय, त्याच्या मागे लागू नका. भिंगातून येणारा उजेड तेवढाच राहतो ना, २८ वरून १७५ वर गेलात की तोच उजेड जवळपास ३९ पट जागेवर पसरतो, मग गुरू फिका पडणारच.

माझं मत, आधी ३२ एमएमची प्लॉसल (साध्या, नेहमीच्या रचनेची आयपीस) घ्या. २२ पट, आणि दोन अंशांपेक्षा जरा जास्त आकाश एका नजरेत येतं, कृत्तिका अख्ख्या मावतात. ४० एमएम घेऊ नका, आयपीसच्या सव्वा इंची नळीतून त्याहून जास्त आकाश येतच नाही, चित्र फक्त लहान होतं.

रात्रपाळी
३२ चांगलीच आहे पण मी ती आधी घेणार नाही, २५ वर त्यांचं भागतंय की. खरी अडचण वरच्या टोकाला आहे. ६ एमएमची ६६ अंशांची रुंद फील्डवाली (जास्त पसारा दाखवणारी) घ्या, ११७ पट होतात, तुमच्या दुर्बिणीला ग्रहांसाठी तेवढे पुरे. मात्र ६ ची साधी प्लॉसल नको, मी वापरलीय, प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून आयपीसच्या एमएमच्या पाऊणपटीहून कमी अंतरावर न्यावा लागतो, म्हणजे इथे जेमतेम ४ एमएम. पापण्या काचेला लागतात, काच तेलकट होते आणि दहा मिनिटांत परत सगळं धुरकट.

अजून एक, डायगोनल बघा, म्हणजे आयपीस ज्यात बसते तो उजेड वळवणारा वाकडा तुकडा. ४५ अंशांचा, चित्र सुलट दाखवणारा असेल तर तो जमिनीवरचं बघायला असतो. ठळक ताऱ्यावर धरा, ताऱ्यातून आरपार एक बारीक उजेडाची रेघ गेलेली दिसली तर ती त्या प्रिझमच्या मधल्या कडेची. ९० अंशांचा स्टार डायगोनल लावा, डावं-उजवं उलटं दिसतं पण त्याची सवय होते.

दुहेरी_तारे
चष्म्याचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मायनस नंबर फोकसरनेच भरून निघतो, त्यासाठी चष्मा लागत नाही. सिलिंडर मात्र फोकसने जात नाही. पण तो जाणवतो कमी पटींवर, कारण आयपीसमधून बाहेर येणारा उजेडाचा झोत तिथे जाड असतो, २५ ला अडीच एमएम, ६ ला जेमतेम ०.६, आणि एवढ्या बारीक झोताला बुबुळाचा अगदी मधला तुकडाच लागतो. म्हणून ग्रह चष्मा काढून बघा. २५ ला तारा लांबट दिसला तर डोळा तिथेच ठेवून डोकं हळूहळू तिरकं करा, लांबटपणा डोक्यासोबत फिरला तर तो तुमच्या डोळ्याचा, नाही फिरला तर काचेचा. आणि दुर्बीण बाहेर काढून किमान वीस मिनिटं तशीच ठेवत जा, घरातल्या ऊबेतून आलेली नळी थंड होईपर्यंत चित्र उकळल्यासारखं हलतं.

नवखा_निरीक्षक
काल रात्री सगळं करून बघितलं. डायगोनल ४५ चाच निघाला आणि गुरूवर ती रेघ अगदी स्पष्ट दिसली, इतके दिवस मला ते भिंगावरचं धुकं वाटत होतं. २५ ला तारा लांबट होता आणि डोक्यासोबत फिरला, म्हणजे माझाच डोळा. मग १० लावून, चष्मा काढून, पुनर्वसूतला कॅस्टर हा जोडतारा धरला आणि थोड्या वेळाने हवा क्षणभर थांबली तसे दोन वेगळे ठिपके, मध्ये काळी फट! घरच्यांना झोपेतून उठवून दाखवलं. आता ९० चा डायगोनल आणि ६ एमएम एवढंच घेतो. ३२ नंतर, चष्मा घालून बघता येईल ना तिच्यात?

कृत्तिकाप्रेमी
हो, आरामात. ३२ च्या प्लॉसलला डोळ्यासाठी २० एमएमच्या वर जागा मिळते, फक्त रबरी कड खाली दुमडून घ्या म्हणजे चष्म्याला लागणार नाही. आणि ६ आली की अभिजितजवळचा डबल-डबल (दोन जोड्यांचा चौताराच) धरा, चारही तारे सुटे होतात का ते इथे नक्की लिहा.