रोजच्या वापरासाठी क्वार्ट्झ क्रोनोग्राफ असलेले डाइव्ह घड्याळ घ्यावे का?

लंबक:

गेली सहा वर्षे मी रोज एकच घड्याळ वापरतो आहे. ते पोलादी आहे, क्वार्ट्झ यंत्रावर चालते, २०० मीटर खोल पाण्याच्या दाबासाठी बनवलेले आहे, काचेभोवती फिरते कडे आहे आणि आत क्रोनोग्राफ, म्हणजे बटणांनी चालणारे स्टॉपवॉचही आहे. ज्याला एकच घड्याळ घ्यायचे आहे आणि त्यावर फार खर्च करायचा नाही, त्याने हाच प्रकार घ्यावा, असे माझे मत आहे. माझ्या ओळखीतल्या काही जाणकारांना ते मान्य नाही. त्यांच्या मते यात दोन घड्याळे एकात कोंबली आहेत आणि त्यामुळे दोन्ही अपुरी राहिली आहेत. म्हणून माझी कारणे येथे मांडतो.

मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवतो. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल सुमारे २ सेकंद असतो. एकच आंदोलन मोजले, तर बटण दाबण्यास होणारा सुमारे ०.२ सेकंदाचा उशीर उत्तराचा दहावा भाग बिघडवतो. तेच २० आंदोलने मोजून भागाकार केला, तर ती चूक सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकी उरते. माझे घड्याळ सेकंदाचा पाचवा भाग दाखवते आणि माझे बोटही त्याहून अचूक नाही, त्यामुळे मला अधिक बारीक मोजमापाची गरज कधी भासली नाही. संध्याकाळी मी पोहायला जातो. तेथे बटणांना हात लावत नाही. फिरत्या कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणतो आणि पाण्यात उतरतो; किती मिनिटे झाली ते मग कड्यावरून कळते. कोरड्या जागी बटणे आणि पाण्यात कडे, अशी ही वाटणी आहे, आणि सहा वर्षांत त्यातले एकही साधन मला निरुपयोगी वाटलेले नाही.

क्वार्ट्झ यंत्राला कमी लेखण्याची प्रथा मला पटत नाही. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक आणि ती संख्या पंधरा वेळा निम्मी करून सेकंदाला एक ठोका देणारे इलेक्ट्रॉनिक मंडल, ही रचना मला अतिशय सुंदर वाटते. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण १५ सेकंदांच्या आत चुकते, तर स्वयंचलित यांत्रिक घड्याळ तेवढे एका दिवसात चुकले तरी कोणाला त्याचे आश्चर्य वाटत नाही. १९८३ साली सेइकोने काट्यांचे पहिले क्वार्ट्झ क्रोनोग्राफ यंत्र आणले. तोपर्यंत क्रोनोग्राफ म्हणजे शेकडो सुट्या भागांचे आणि नियमित देखभाल मागणारे यंत्र असे. सामान्य माणसाच्या मनगटावर ते रोजच्या वापरासाठी येऊ शकले ते क्वार्ट्झमुळेच.

चिमटा:

मी घड्याळे दुरुस्त करतो, त्यामुळे माझे मत टेबलावर उघडून पडलेल्या घड्याळांवरून बनले आहे. क्वार्ट्झबद्दल लंबक यांनी जे लिहिले आहे ते मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप क्रोनोग्राफ आणि पाणी यांना एकत्र आणण्याला आहे.

साध्या तीन काट्यांच्या डाइव्ह घड्याळात पाणी शिरण्याच्या जागा तीन असतात: काच, मागचे झाकण आणि क्राऊन, म्हणजे वेळ लावायची बाजूची चावी. क्रोनोग्राफमध्ये दोन बटणांची भर पडते. झाकणाखालची पाणी अडवणारी रबरी कडी स्थिर बसलेली असते, पण बटणाच्या दांड्यावरची कडी प्रत्येक दाबाबरोबर घासली जाते. तिच्यावरचे सिलिकॉन ग्रीस सुकते, घाम आणि धूळ तिथे साचते आणि काही वर्षांनी रबर कडक होते. सेल बदलताना झाकणाची कडी निदान कोणाच्या नजरेस तरी पडते. बटणांच्या कड्या मात्र कोणी पाहत नाही, कारण त्या बदलण्यासाठी यंत्र केसमधून, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचातून, बाहेर काढावे लागते आणि ग्राहकाला दहा मिनिटांत घड्याळ परत हवे असते. पाणी शिरलेली जी क्रोनोग्राफ घड्याळे माझ्याकडे येतात, त्यांत गंजाची सुरुवात बहुधा बटणाच्या आतल्या टोकापासून झालेली दिसते.

दुसरी अडचण लहान वाटेल, पण ग्राहकांना तीच अधिक त्रास देते. सेल बदलल्यावर अनेक क्वार्ट्झ क्रोनोग्राफचे काटे शून्यावर येत नाहीत. क्राऊन बाहेर ओढून आणि बटणे दाबून प्रत्येक काटा एकेक पाऊल पुढे नेत शून्यावर बसवावा लागतो, आणि ही पद्धत प्रत्येक यंत्रात थोडी वेगळी असते. ती माहीत नसलेला माणूस सेल घालून घड्याळ परत देतो आणि पुढची दोन-तीन वर्षे मधला काटा बारापासून दोन घरे बाजूला उभा राहतो.

लंबक यांचे काम एका साध्या डाइव्ह घड्याळाने आणि प्रयोगशाळेतल्या स्टॉपवॉचने अधिक चांगले होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटते. शिवाय पोहताना हात वेगाने हलतो तेव्हा पाण्याचा दाब कैकपट वाढतो, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे.

खोल पाणी:

चिमटा यांच्या शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे, कारण हा समज फार पसरलेला आहे आणि हिशेब केला तर तो टिकत नाही. पाण्यातून सेकंदाला ५ मीटर वेगाने हात मारला, आणि हा वेग पोहणाऱ्यासाठी बराच मोठा आहे, तरी वेगामुळे वाढणारा दाब साधारण सव्वा मीटर खोलीच्या पाण्याइतकाच भरतो. २०० मीटरच्या घड्याळाला तो जाणवणारही नाही. पोहताना घड्याळात पाणी शिरते ते जुन्या कड्यांमुळे, नीट न बसलेल्या क्राऊनमुळे, किंवा पाण्यात असताना बटण दाबले गेल्यामुळे. गरम पाण्याची आंघोळ आणि वाफ यांचा धोका मला हात मारण्याहून कितीतरी मोठा वाटतो.

मी स्कूबा डायव्हिंग करतो. त्या अनुभवावरून सांगतो की खरी अडचण वाचनीयतेची आहे. डाइव्ह घड्याळांसाठीच्या आयएसओ ६४२५ या मानकात निदान १०० मीटरची क्षमता, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाची चाचणी, अंधारात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणे आणि घड्याळ चालू आहे हे अंधारातही दिसणे, अशा अटी आहेत. या शेवटच्या अटीपाशी क्रोनोग्राफ अडखळतो. त्यातला मोठा सेकंदकाटा क्रोनोग्राफचा असतो, म्हणून तो एरवी स्थिर उभा असतो. घड्याळ चालू असल्याची खूण एका छोट्या तबकडीतल्या इवल्याशा काट्याकडे जाते. गढूळ पाण्यात तो मला दिसत नाही. मिनिटकाटा वाटेत आला की छोट्या तबकडीवरचे आकडेही झाकले जातात. आज बहुतेक सर्व डायव्हर डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि पाण्यातला वेळ दाखवणारे उपकरण, वापरतात आणि घड्याळ जोडीला ठेवतात. जोडीला ठेवलेल्या वस्तूचे काम एका दृष्टिक्षेपात झाले पाहिजे.

घेणाऱ्याने तबकडीवरचे शब्द नीट वाचावेत, ही एक विनंती. ‘डायव्हर्स २०० मीटर’ आणि नुसते ‘वॉटर रेझिस्टंट २०० मीटर’ या दोन गोष्टी एक नाहीत. पहिल्यात मानकानुसार प्रत्येक नगाची दाबचाचणी अपेक्षित असते, तर साध्या जलरोधक घड्याळांसाठी नमुन्यादाखल काही नग तपासले तरी चालतात.

लंबक:

दाबाच्या हिशेबाबद्दल खोल पाणी यांचे आभार; तो मी स्वतः करून पाहिला आणि बरोबर आला. वाचनीयतेचा त्यांचा आक्षेप मात्र समुद्राच्या तळाशी लागू पडतो, आणि माझा प्रश्न रोजच्या वापराचा आहे. मी घड्याळ दिवसाउजेडी वर्गात, रस्त्यावर आणि पोहण्याच्या तलावावर पाहतो. तेथे मला क्षणभरही अडचण येत नाही.

वेगळे स्टॉपवॉच वापरा, हा चिमटा यांचा सल्ला मी मानू शकत नाही. प्रयोगशाळेतली स्टॉपवॉच विद्यार्थ्यांच्या हातात असतात आणि तशीच असायला हवीत. जे मोजमाप ठरवून करायचे नसते, अचानक करावेसे वाटते, त्यासाठी मनगटावरचे बटण उपयोगी पडते. एखाद्याची नाडी, नळाखाली बादली भरायला लागणारा वेळ, विजेचा लखलखाट आणि गडगडाट यांतले अंतर अशा कितीतरी गोष्टी मी केवळ ते बटण हाताशी आहे म्हणून मोजल्या. हे कुतूहल माझ्या विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचले आहे आणि मला ते मोलाचे वाटते. शिवाय बटणांच्या कड्यांची चिंता असेल, तर सौर क्रोनोग्राफ घ्यावे. त्यात दर दोन-तीन वर्षांनी झाकण उघडण्याचा प्रश्नच येत नाही.

चिमटा:

हाताच्या वेगाबद्दलचे माझे विधान मी मागे घेतो. ते मी शिकताना ऐकले होते आणि कधी तपासले नाही.

सौर घड्याळाबद्दल मात्र माझा अनुभव नेमका उलटा आहे. सेल संपला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो, घड्याळ थांबते आणि मालकाला ते कोणाकडे तरी न्यावे लागते. त्या निमित्ताने आतला रबर कोणीतरी पाहण्याची शक्यता निदान निर्माण होते. सौर घड्याळ दहा वर्षे बिनतक्रार चालते, त्यामुळे त्याच्या कड्या दहा वर्षे कोणीच पाहत नाही, आणि मालक मात्र तबकडीवर २०० मीटर लिहिले आहे या भरवशावर पाण्यात उतरत राहतो. तो आकडा कारखान्यातून निघालेल्या नव्या घड्याळाचा असतो. लंबक, तुमच्या घड्याळाच्या बटणांच्या कड्या शेवटच्या कधी बदलल्या?

लंबक:

सहा वर्षांत झाकण दोनदा उघडले, दोन्ही वेळा सेलसाठी. बटणांच्या कड्यांबद्दल मी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. दाबचाचणी झाल्याचेही मला आठवत नाही. माझे मत मी बदलत नाही, पण चाचणी होईपर्यंत हे घड्याळ घालून पोहणार नाही.

चिमटा:

आधी कड्या बदलून घ्या, मग हवेच्या दाबाची कोरडी चाचणी करायला सांगा. त्यात केस दाबाखाली किती दबली आणि तशीच टिकून राहिली का, हे यंत्र मोजते, आणि गळती असली तरी आत पाण्याचा थेंब जात नाही. पाण्यात बुडवून करायची चाचणी त्यानंतरच करावी. चाचणी झाल्यावर दोन्ही बटणे आधीसारखीच मऊ दाबली जातात का, हे तिथेच उभे राहून स्वतः पाहा.