रॅखमानिनॉफची चाल आणि रॉक गाणे: प्रेरणा की उसनवारी?

तारसप्तक (प्रश्न):
मी रॉक गाणी लिहितो आणि गिटारवर त्यांच्या चाली बांधतो. गेल्या आठवड्यात रशियन संगीतकार रॅखमानिनॉफ यांचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) प्रथमच सलग ऐकला, आणि दुसऱ्या भागात क्लॅरिनेटने मुख्य चाल धरताच हे गाणे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे असे वाटले. अमेरिकन गायक एरिक कारमेन यांच्या १९७५ च्या ‘ऑल बाय मायसेल्फ’मधील कडव्यांची चाल येथूनच घेतलेली आहे. मलाही असे काही करावेसे वाटते, परंतु अभिजात रचनेतून नेमके काय घ्यावे, आणि किती घेतले म्हणजे गाणे आपले राहत नाही?

पियानोप्रेमी:
कारमेन यांना ही चाल योगायोगाने सापडलेली नव्हती. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या आत्याकडे ते लहानपणी व्हायोलिन शिकले होते. कडव्याची चाल त्यांनी रॅखमानिनॉफ यांची घेतली, पण ध्रुवपद मात्र रास्पबेरीज या बँडसाठी स्वतःच पूर्वी लिहिलेल्या ‘लेट्स प्रिटेंड’वरून बांधले. गंमत अशी, की रॅखमानिनॉफ यांनीही या भागाच्या आरंभीची पियानोची साथ १८९१ मधल्या आपल्याच, तिघांनी एका पियानोवर वाजवायच्या रचनेतून आणली आहे. ती साथ अवश्य निरखून ऐका: कागदावर स्वर तीन-तीनच्या गटांत लिहिलेले आहेत, पण कानाला ते चार-चारच्या गटांत पडतात, त्यामुळे सम नेमकी कुठे आहे हे काही काळ कळतच नाही. त्या भागातील खरी श्रीमंती माझ्या मते येथे आहे.

सहीशिक्का:
व्यवहाराची बाजूही ध्यानात घ्यावी. ही रचना हक्कमुक्त आहे असे कारमेन यांनी गृहीत धरले होते. अमेरिकेत ते खरे होते, इतर देशांत नव्हते. त्यामुळे हे गाणे आणि दुसऱ्या सिम्फनीवर आधारलेले त्यांचे आणखी एक गाणे, या दोन्हींच्या मानधनातील १२ टक्के वाटा रॅखमानिनॉफ यांच्या वारसांना देण्याचा करार त्यांना करावा लागला. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात आणि रॅखमानिनॉफ १९४३ मध्ये वारले, म्हणून येथे तुम्हाला अडचण नाही. मात्र ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात. एखाद्या ऑर्केस्ट्राच्या मुद्रणातला तुकडा कापून वापरू नका, स्वतः वाजवा.

मंद्र:
चालच घेतली पाहिजे असे नाही. जानेवारी १९६७ मध्ये बीटल्स या बँडच्या पॉल मॅकार्टनी यांनी बाखच्या दुसऱ्या ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टोमध्ये डेव्हिड मेसन यांना उंच पट्टीतला ट्रंपेट वाजवताना दूरदर्शन संचावर पाहिले, आणि त्याच महिन्यात मेसन बीटल्सच्या ‘पेनी लेन’ या गाण्यासाठी पिकोलो (लहान, उंच पट्टीचा) ट्रंपेट वाजवत होते. मॅकार्टनी स्वर गाऊन दाखवत, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन ते लिहून घेत. बाखची चाल तेथे नाही. आहे तो त्या वाद्याचा लखलखीत आवाज.

तारसप्तक:
आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल रात्री चाल बाजूला ठेवून फक्त ती साथ गिटारवर बसवली. तीनात लिहिलेले चारात ऐकू येईपर्यंत तासभर गेला, आणि मग त्यावर जी ओळ गुणगुणली गेली ती रॅखमानिनॉफ यांची नव्हती. पहिली चार आवर्तने मुद्रित करून ठेवली आहेत. शब्द अजून यायचे आहेत.