रत्नागिरीजवळचं कौलारू घर विकायचंय, दर्शनी बाजूवर खर्च कुठे करावा?

जास्वंद
सासऱ्यांनी १९९२ साली बांधलेलं चिऱ्याचं घर आहे, भोवती आठ गुंठे जागा. सासूबाई आता आमच्याकडे ठाण्याला असतात, म्हणून विकायचं ठरलंय. पण बघायला येणाऱ्यांचा उत्साह फाटकातच मावळतो. ओटीची भिंत शेवाळाने काळी झालीय, जोत्याजवळ गिलावा फुगलाय, फाटक गंजलंय. एजंट म्हणतो, सगळीकडे रंग मारा, अंगणात पेवर ब्लॉक घाला, भाव वाढेल. दीड लाखापर्यंत खर्चाची तयारी आहे. नवरात्रात काम काढावं का?

चिरेबंदी
रंगाआधी पाण्याचा बंदोबस्त करा. कोकणात घर घेणारा माणूस जोत्याला हात लावून ओल बघतोच. गिलावा फुगलाय म्हणजे पागोळ्यांचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडत असणार, किंवा अंगणाचा उतार घराकडे असणार. पन्हळ लावून पाणी बाजूला काढा. गिलावा ठोकून बघा, बद्द आवाज येईल तेवढा काढून टाका आणि भिंत उघडी पडून वाळू द्या. नव्या गिलाव्यावर पाणी मारून झालं की तोही महिनाभर सुकायला हवा. ओल्या भिंतीवरचा रंग पापुद्र्यांनी सुटतो. म्हणून नवरात्रात रंग नकोच, परतीचा पाऊस पूर्ण जाऊ दे.

ओटीची भिंत गिलाव्याची की उघड्या चिऱ्याची?

जास्वंद
उघड्या चिऱ्याची. बाकी सगळीकडे गिलावा आहे.

चिरेबंदी
मग त्या भिंतीला रंग लावू नका, ही कळकळीची विनंती! आज मुंबई-पुण्याहून येणारं गिऱ्हाईक अशाच भिंतीसाठी येतं. चिरा म्हणजे जांभा दगड, तो सच्छिद्र असतो, ऑइलपेंटने आतली ओल कोंडते. शेवाळ वाळलं की काथ्याच्या ब्रशने घासून काढा, दगडांमधल्या दरजा नीट भरून घ्या. प्रेशर वॉशर वापरू देऊ नका, दगडाचा मऊ भाग उडून खड्डे पडतात. चकचकीत लॅकरही नको. पाणी अडवणारं पण वाफ बाहेर जाऊ देणारं सिलेन-सिलोक्सेनचं द्रावण मिळतं, लावायचंच तर ते.

रानवाट
कौलांचं कोणीच बोललं नाही. रस्त्यावरून आधी छप्परच दिसतं. फुटकी बदलण्याआधी एक कौल उतरवून मागचा कारखान्याचा छाप बघा आणि त्याच छापाची शोधा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, मग गळती सुरू होते. गावात जुनं घर उतरवत असतील तिथे चौकशी करा, जुन्या कौलांचा रंगही जुळतो.

सुलभा_ठाणे
पेवर ब्लॉकवर पैसे घालू नका. अंगण साफ करून उतार नीट केला, तुळशी वृंदावनाला चुना लावला की पुरे. रंगाने रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर बदलत नाही. गिऱ्हाइकाला कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस जागा, बांधकामाचं क्षेत्रफळ, वय आणि कागदपत्रं बघतो. बाहेरून घर नीट असलं की गिऱ्हाईक 'एवढी डागडुजी करावी लागेल' म्हणत भाव पाडत नाही, फायदा तो. त्यामुळे सात-बारा, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आत्ताच एका फाइलीत लावा. रंगाचा आणि किरकोळ दुरुस्तीचा खर्च कॅपिटल गेन्समध्ये, म्हणजे विक्रीच्या करपात्र नफ्यातून वजा करायला, सहसा धरत नाहीत, हिशेब सीएकडून करून घ्या.

जास्वंद
मनापासून आभार. आता पन्हळ, गिलावा आणि कौलं आधी. रंग दिवाळीनंतर, तोही फक्त गिलाव्याच्या भिंतींना. फाटक मात्र नवीनच घ्यावं का?

रानवाट
तळाची पट्टी आणि बिजागऱ्या स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आरपार गेला नाही तर फाटक वाचतं. गंज पॉलिश पेपरने पूर्ण काढा, त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा गंजरोधक प्रायमर मारा, खारी हवा उद्यापर्यंत थांबत नाही. वर एनॅमलचे दोन हात. आणि कडीला तेल द्या, येणाऱ्याचा पहिला हात तिथेच पडतो.