विमानाच्या पॉइंट्सवर मिक्सर घेऊ का?

बी-२०३ मावशी: अहो ह्यांच्या एअर इंडियाच्या खात्यात १८ हजार पॉइंट्स पडलेत म्हणे, आधी विस्तारा विमान कंपनीचे होते ते, ती एअर इंडियात विलीन झाली ना, पुढच्या महिन्यात एक्स्पायर होतात असा मेल आलाय. मला तर एक मिक्सर मिळतोय त्यात, आमचा तसाही घरघर करतोय, घेऊन टाकू का

ए-५०१: मावशी थांबा!! मिक्सर अजिबात नको

बी-२०३ मावशी: का रे? फुकट तर आहे

ए-५०१: फुकट कुठे, पॉइंट्स म्हणजे पैसेच. मेनरोडला हाच मिक्सर कितीला?

बी-२०३ मावशी: ३६०० सांगितला परवा, थोडं कमी करेल म्हणाला

ए-५०१: म्हणजे एका पॉइंटचे २० पैसे. आता तिकिटाचं बघा. तिकिटाचा रोख भाव घ्यायचा, पॉइंट्स देऊनही जो टॅक्स खिशातून भरावा लागतो तो वजा करायचा, उरेल त्याला पॉइंट्सनी भागायचं. समजा मुंबई दिल्ली ६५०० ला आहे आणि पॉइंट्सवर ६००० पॉइंट्स अधिक ११०० रुपये टॅक्स मागतायत, तर ५४०० भागिले ६०००, ९० पैसे झाले. मिक्सरच्या साडेचारपट

सी-१०४: आणि तेच तिकीट सेलमध्ये ३००० ला मिळालं तर?

ए-५०१: तर जेमतेम ३२ पैसे, मग सरळ रोख द्या आणि पॉइंट्स ठेवा. दिवाळीत, लग्नसराईत, ऐनवेळी जायचं असेल तेव्हा काढायचे ते. हो पण काही कंपन्या तिकीट महागलं की पॉइंट्सपण जास्त मागतात, म्हणून दरवेळी भागाकार करायचाच

सेक्रेटरी काका: आपल्या नाशिकच्या ओझर विमानतळावरून मिळतं ते इंडिगो, त्यात हे पॉइंट्स चालत नाहीत. मुंबईला जा, टॅक्सी, टोल, कसारा घाटात ट्रक आडवा झाला तर फ्लाईट पण गेली 😄 तो खर्च कोण वजा करणार?

ए-५०१: काका बरोबर आहे तुमचं, तोपण धरायचा

सी-१०४: आमची मुलगी जर्मनीत आहे, तिकडे चालतील का

ए-५०१: चालू शकतात, एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे एकमेकांचे पॉइंट्स घेणाऱ्या विमान कंपन्यांचा गट, त्यात लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाईन्स वगैरे सगळे. लांबच्या बिझनेस क्लासला सगळ्यात भारी भाव निघतो, पण पॉइंट्सही तसेच लागतात आणि टॅक्स पण आधी बघून घ्या, कधीकधी डोळे पांढरे होतात. आणि एक, क्रेडिट कार्डाचे पॉइंट्स विमान कंपनीच्या खात्यात वळवायचे असतील तर आधी सीट आहे का बघा. मी येड्यासारखं उलटं केलं, रात्री अकराला ट्रान्सफर मारला, मग तारखा शोधत बसलो तर एक सीट नाही. ते पॉइंट्स कार्डावर परत येत नाहीत, दीड वर्ष झालं तसेच पडलेत

बी-२०३ मावशी: पण पुढच्या महिन्यात कुठे जाणार आम्ही, ह्यांचा गुडघा

ए-५०१: लगेच जायचं नाही हो, बहुतेक ठिकाणी मुदतीच्या आत बुकिंग केलं की पुरे, प्रवास नंतरचा चालतो. फक्त मग कॅन्सल करू नका, मुदत गेलेले पॉइंट्स परत मिळतीलच असं नाही. आधी त्यांच्या कस्टमर केअरला एक फोन लावून विचारा

बी-२०३ मावशी: नणंद दिल्लीला आहेच. दोघांचं जाणंयेणं बसेल का १८ हजारात?

ए-५०१: मघाच्या भावाने तीन तिकिटं होतात मावशी, चौथं रोख

बी-२०३ मावशी: मग येताना ह्यांना रेल्वेने पाठवते