वय चाळीस की पन्नास, एवढाच प्रश्न नाही

अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये चाळिशीपासून चौऱ्याहत्तरीपर्यंत दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा कर्करोग शोधण्यासाठीची क्ष-किरण तपासणी, सुचवली; म्हणून पुण्यातही तोच नियम लावावा, असे मत मांडले जाते, पण ते मला अर्धेच पटते. ज्यांना नियमित मॅमोग्राफी परवडते त्यांनी चाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून ती जरूर सुरू करावी. मात्र तरुण वयात स्तनातील ऊती दाट असल्यामुळे लहान गाठ चित्रात लपू शकते, हेही ध्यानात ठेवावे. पण कोथरूडमध्ये आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशींना दिवसाचा खाडा परवडत नाही, त्यांचे काय?

या चर्चेत मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या अभ्यासाचा उल्लेख यायलाच हवा. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या आणि त्यांतील निम्म्या गटाची, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा लक्षणीय फरक दिसला नाही. आपल्याकडील सरकारी कार्यक्रमातही तिशीपासून अशीच तपासणी सांगितलेली आहे, आणि माझ्या मते तीच आधी वस्त्यांपर्यंत पोहोचायला हवी. आई किंवा बहिणीला हा आजार झालेला असेल, तर मात्र चाळिशीची वाट न पाहता तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.