आठवीला फॉरेन्सिक शिकवतेय, पावडरचा चिखल झाला, मदत करा

खडूफळा
मंडळी, परळच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. यंदा आठवीला फॉरेन्सिकवर चार तास घ्यायला मिळालेत. पोरं ५२, लॅबमध्ये नळ दोन आणि त्यातला एक बंद, बजेट म्हणजे माझी पर्स. परवा काचेच्या ग्लासवरचे बोटांचे ठसे काढायला गेले, घरची टाल्कम पावडर शिंपडली तर नुसता चिखल, एक रेघ दिसेना, आणि मागच्या बाकावरून आवाज आला, टीचर टीव्हीवर तर लगेच मॅच होतं. काय चुकलं? आणि उरलेल्या तीन तासांत काय घेऊ?

शिवडीकर
ताई पावडर नाही चुकली, जुलै चुकला :) हवेत एवढा दमटपणा की ग्लासला सगळीकडेच ओल धरते मग पावडर ठशालाच कशाला चिकटेल. ग्लास पुसून पंख्याखाली ठेवा. पोराला आधी बोट नाकावरून, कपाळावरून फिरवायला सांगा, तिथलं तेल हवं असतं. आणि पावडर शिंपडायची नाही हो! मेकअपच्या मऊ ब्रशच्या टोकाला किंचित घ्यायची आणि हलक्या हाताने फिरवायची. पारदर्शक काचेवर पांढरी पावडर तशीही नीट दिसत नाही, त्यापेक्षा पेन्सिलचं शिस सँडपेपरवर घासून ती काळी भुकटी वापरा, मग सेलोटेपने उचलून पांढऱ्या कार्डावर चिकटवा. शंख, चक्र पोरांना आजीमुळे माहीत असतातच, तिथून सुरुवात करा.

कलिनावाला
कलिनाच्या सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्ये काही वर्षं काढलीत म्हणून बोलतो. सगळे पावडरवर येऊन थांबतात. पहिला तास पंचनाम्याला द्या. बाकावर एक रिकामा डबा, सांडलेलं पाणी, एक चप्पल ठेवा, आणि कोणी हात लावायचा नाही, फक्त लिहायचं: काय दिसलं, कुठे, किती वाजता, दारापासून किती फुटांवर. मग वस्तू कागदी पाकिटात, वर सही, तारीख, आणि पुढे ज्याच्या ज्याच्या हातात जाईल त्याचीही सही. मुद्देमालाची साखळी एकदा तुटली की कोर्टात वकील आधी तिथेच बोट ठेवतो, मग ठसा कितीही सुंदर असो. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्याने घटनास्थळी जायचं हे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्यातच आलंय, संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि याच्या अंमलाला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे पुढे माणसं लागणार, हेही पोरांना सांगा.
जाता जाता, ठशांचं पहिलं ब्युरो लंडनला नाही, आपल्या कोलकात्यात निघालं, १८९७ ला. वर्गीकरणामागचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं, नाव लागलं त्यांच्या वरच्या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचं, हेन्री साहेबाचं. हे ऐकल्यावर पोरं खवळतात, खवळू द्या.

भूमितीवाला_दादर
एक तास आम्हा गणितवाल्यांना द्या की, रक्ताच्या डागावरून थेंब किती अंशांत पडला ते काढायला. लाल पोस्टर कलर पातळ करायचा, पुठ्ठ्यावर कागद लावून तो जमिनीपासून ६० अंश उचलायचा आणि ड्रॉपरने वरून थेंब सोडायचा. थेंब कागदाला ३० अंशांत लागतो, त्यामुळे डाग लंबगोल येतो आणि रुंदी लांबीच्या साधारण निम्मी भरते. शेपटी मोजायची नाही, पोरं हमखास मोजतात. साइन पुढच्या इयत्तांत येईलच, आठवीला नुसतं गुणोत्तर पुरे. जुनी वर्तमानपत्रं खाली अंथरा, नाहीतर शिपाईकाका तुमचाच पंचनामा करतील.

चिंगीची_आई
आई म्हणून एक सांगते, खोटा खोटा चोर कुठल्याही पोराला बनवू नका. माझ्या मुलीच्या वर्गात असंच केलं होतं, एका मुलाला वर्षभर चोर म्हणून हाक मारत होते सगळे. चोर टीचर नाहीतर हेडसर. आणि ठशांची कार्डं तास संपला की ज्याची त्याला परत द्या, शाळेच्या कपाटात कशाला राहायला हवीत.

खडूफळा
आज पंचनामा घेतला, चोर मीच. ५२ पैकी नऊ जणांनी वेळ लिहिली, त्यातही दोघांची घड्याळं पुढे. पण मघाचा तो मागच्या बाकावरचा, त्याने लिहिलंय, "डबा रिकामा, झाकण उलटं, आत तेल, वास लोणच्याचा, टीचरच्या उजव्या बोटाला पण तोच." शिस उद्या किसते.