इंग्रजी ‘इन’साठी (inn) मराठी शब्द: सराई, धर्मशाळा की आणखी काही?

मुठाकाठ
इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला बॉडमिन मूर नावाच्या उजाड माळावर ‘जमैका इन’ आहे. तिथे राहून आले आणि दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. मी सगळीकडे ‘सराई’ लिहिलं होतं, संपादकांनी सरसकट ‘धर्मशाळा’ केलं. मला ते अजिबात पटत नाही. 1750 साली घोडागाड्यांच्या वाटेवर बांधलेली ही जागा. घोडे बदलायचे, उतारूंनी जेवायचं, प्यायचं, झोपायचं, सकाळी हिशेब चुकता करून निघायचं. इंग्रज कादंबरीकार डॅफ्ने द्यू मॉरिए 1930 मध्ये इथे उतरली होती. माळावर घोड्यावरून फिरताना वाट चुकली आणि त्या मुक्कामातून सुचलेली कादंबरी 1936 मध्ये इनच्याच नावाने आली. तिचं लिहायचं मेज तिथे मांडून ठेवलंय. कादंबरी आहे जहाजं खडकावर आणून लुटणाऱ्या टोळीची. हे सगळं धर्मशाळेत घडतं असं कसं लिहू?

वेलांटी
धर्मशाळा नकोच. त्यात धर्म आहे, म्हणजे दानधर्म. कुणीतरी पुण्य मिळावं म्हणून बांधलेली, यात्रेकरूंसाठी. पैसे घेऊन दारू देणारी जागा त्यात बसत नाही.

जुनी जकात
पण सराईत तरी कुठे बसते? अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरची सराई पाहा. मोठं अंगण, चारी बाजूंनी ओवऱ्या, भक्कम दरवाजा. काफिला आत घ्यायचा, जनावरं बांधायची, आपलं आपण रांधायचं. यजमान, त्याची बायको, शेकोटीजवळचं टेबल हे इंग्रजी इनचं सगळं त्यात नाही. शिवाय सराई म्हटलं की लग्नसराई आठवते.

पान्थस्थ
फारसी शब्दाची गरजच काय? ‘पांथशाळा’ म्हणा. अर्थ चटकन कळतो, कानाला गोड लागतो. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी. महापौर, दिग्दर्शक हे सावरकरांचे शब्दही आधी परकेच वाटले असणार. वापरले म्हणून रुळले. आपणच लिहिले नाहीत तर कोण लिहिणार?

जुनी जकात
अहो, महापौर रुळला कारण महापालिकेने तो पाटीवर लिहिला. पांथशाळेची पाटी कोण लावणार? मुक्काम अरबी, मजल अरबी. ते काढून प्रवासवर्णन लिहून दाखवा. पुण्यात टिळक रस्त्यावर इतकी वर्षं मराठी माणूस ‘बादशाही’ या फारसी नावाच्या खानावळीत जेवतो, त्याची मराठी काही बिघडली नाही.

वेलांटी
मुठाकाठताई, तुम्ही स्वतः वर ‘उतरली होती’ लिहिलंय. पुण्यात पाहुणा आला की आपण विचारतो, “कुठे उतरलात?” उतारू, उतरणे, उतारा. शब्द तुमच्या वाक्यातच आहे. ‘उताऱ्याची जागा’ म्हणा.

मुठाकाठ
‘उतारा’ने वाचकाला दृष्ट काढणं आठवेल. नाहीतर दहा मार्कांचा प्रश्न.

टिपणवही
मला ‘खानावळ’ जवळची वाटते. माझे वडील कोकणातून शिकायला आले तेव्हा सदाशिव पेठेतल्या खानावळीत जेवायचे आणि मालकांच्याच माडीवर राहायचे. पैसे आगाऊ, रविवारी फीस्ट, गावी गेलं की खाडे धरायचे. मालक, घर, जेवण, झोप, पैसे, सगळं आलं. फक्त घोडे नाहीत. आणि शब्दही सुंदर: खाना, म्हणजे घर, आणि आवळ म्हणजे ओळ. पंगत!

पान्थस्थ
म्हणजे तोही फारसीच निघाला.

जुनी जकात
नाही, तो अस्सल मराठी आहे. जुन्या छापील पुस्तकांत ‘खाणावळ’ सापडतं, ‘ण’ने. धुणावळ, घडणावळ, करणावळ, लिहिणावळ यांच्या रांगेत ठेवून बघा. धुण्याची मजुरी धुणावळ, दागिना घडवल्याची घडणावळ, तसे खाण्याचे पैसे ती खाणावळ. आधी पैशांचं नाव, मग ते देऊन जेवायच्या जागेचं. धर्मशाळेच्या नेमका उलटा शब्द आहे हा.

टिपणवही
मग जेवणावळ? ती मजुरी कशी? लग्नातल्या जेवणावळीत कुणी पैसे घेत नाही. तिथे ओळच आहे. एकच प्रत्यय दोन ठिकाणी दोन अर्थ कसे देईल?

वेलांटी
देतो की. ‘-आई’ बघा. शिलाई म्हणजे शिवणं आणि शिवण्याचे पैसेही.

मुठाकाठ
खाणावळीची व्युत्पत्ती आवडली, पण माझ्या इनमध्ये माणसं मुख्यतः रात्र काढायला थांबायची, जेवण त्यासोबत. लेख सोमवारी परत पाठवायचाय. मी सराईच ठेवू का?

पान्थस्थ
ठेवू नका. एकदा तरी पांथशाळा लिहून बघा, कंसात काही न देता.

टिपणवही
जुनी जकात, जेवणावळीचं उत्तर अजून मिळालं नाही. आमच्याकडे रत्नागिरीला ‘जेवणावळी उठल्या’ म्हणतात, अनेकवचनी. मजुरी कधी उठते का?

जुनी जकात
पंगत उठते, हे मान्य. पण म्हणून खाणावळीत ओळ सिद्ध होत नाही. तुमच्या वडिलांना विचारा, ते ‘खानावळ भरली’ म्हणायचे का? आमच्याकडे त्याचा अर्थ महिन्याचे पैसे भरले असाच होता.